मानेतून डोक्यात चढणारं दुखणं : पहिल्यांदा फिजिओथेरपीला जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना-दीड महिना झाला, की माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ बाजूच्या बाया येऊ लागतात. तेव्हा द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कापून काढणं, चालू असते. दिवसभर मान मागे टाकलेली, हात डोक्याच्या वर आणि बोटांत छोटी कात्री. अशाच एक बाई दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या, त्याही स्वतःसाठी नाही. सासूच्या गुडघ्याचे व्यायाम चालले होते आणि या स्वतः बाकावर बसून कपाळाला बाम चोळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "पित्ताचं डोकं हाय मॅडम. हिकडनं मागनं उठतंय आन् डोळ्यावर येऊन बसतंय." पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या, चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला होता, उपवास सोडून झाले होते. मी म्हटलं, मागे दारात कोण आलंय बघा जरा. त्यांनी मान वळवलीच नाही. कमरेपासून अख्ख्या वळल्या.

आठ महिने त्या डोक्यावर इलाज करत होत्या. मानेचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, कारण दुखत होतं ते डोकं.

हा लेख अशांसाठी आहे. ज्यांना "तुमचं डोकं मानेमुळे दुखतंय, फिजिओथेरपी घ्या" असं कुणीतरी सांगितलंय, पण तिथे जाऊन नेमकं काय होतं हे माहीत नाही, अशांसाठी. सांगलीत फिजिओथेरपी म्हटलं, की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शेक, करंटचं मशीन आणि मानेला लावलेलं वजन येतं. ते सगळं तिथे असतं हे खरं. पण या दुखण्यात त्याचा वाटा फार लहान आहे. मोठा वाटा असतो थेरपिस्टच्या बोटांचा आणि त्याहून मोठा तुम्ही घरी रोज करायच्या दहा-बारा मिनिटांचा. ती दहा मिनिटं देणार नसाल तर पैसे घालवू नका, असं मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगते. काही जण परत येत नाहीत. चालायचंच.

दुखणं मानेत, कळ डोळ्यावर, हे कसं?

मिरज जंक्शन डोळ्यांपुढे आणा. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून, पंढरपूरकडून गाड्या येतात आणि सगळा लोंढा एकाच दारातून बाहेर पडतो. बाहेर उभ्या रिक्षावाल्याला कोणता माणूस कोणत्या गाडीने आला ते कसं कळणार? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहरा-कपाळाची जाणीव वाहून नेणारी मोठी नस, या सगळ्यांचे निरोप मणक्याच्या अगदी वरच्या भागात एकाच ठाण्यावर उतरतात. तिथून पुढे मेंदूकडे जाताना गफलत होते. निघालेलं असतं पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यातून, पोचतं भुवईच्या नावावर.

म्हणून या दुखण्याची वाट ठरलेली असते. मानगुटीत किंवा कवटीच्या कडेखाली सुरुवात, तिथून डोक्याच्या मागून वर आणि मग त्याच बाजूच्या डोळ्यामागे किंवा कानशिलावर मुक्काम. १९८३ मध्ये नॉर्वेचे मेंदुविकारतज्ज्ञ ओत्तार स्यास्ताद यांनी याला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' असं नाव दिलं. कागदावर डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर घाबरू नका. मानेतून उगम पावलेली डोकेदुखी, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी पहिली : आधी धोका नाही ना, ते बघा

ही पायरी वगळून पुढे वाचू नका. खालीलपैकी काही असेल तर फिजिओथेरपिस्टकडे यायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. काही बाबतींत तर सरळ १०८ ला फोन करायचा.

आयुष्यात कधी दुखलं नाही असं, क्षणात टोकाला पोचलेलं डोकं. डोकेदुखीसोबत ताप आणि मान पुढे वाकतच नाही असा ताठरपणा. गाडीवरून पडल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं. बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना अडकणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, चालताना झोक जाणं. मानेला जोराचा हिसका बसल्यावर एका बाजूला उठलेली, पूर्वी कधीच न अनुभवलेली कळ. पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही कानशील हात लावल्यावर हुळहुळत असेल आणि भाकरी चावताना जबडा भरून येत असेल तर नजर वाचवण्यासाठी घाई हवी. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर उठलेलं जोराचं डोकं. खोकल्यावर, शिंकल्यावर वाढणारं, पहाटे उलटीसह जागं करणारं आणि आठवड्यागणिक चढत जाणारं दुखणं. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल तर नवीन डोकेदुखी आधी डॉक्टरांना दाखवायची.

आणखी एक लक्षण सहज निसटतं. सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, पाय जड आणि बेभरवशाचे वाटू लागले, तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तिथे मालीश, झटका असलं काहीही करून घेऊ नका.

पायरी दुसरी : दोन आठवडे वही

मोबाइलमधली ॲप असतात, पण माझा अनुभव असा, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने मारलेली खूण जास्त टिकते. दूध आलं, गॅस बदलला हे जिथे लिहिता, तिथेच डोकं दुखल्याची खूण करा. कोणत्या बाजूला, किती वाजता सुरू, किती तास, त्याआधी दोन तास काय करत होता आणि गोळी घेतली का.

हा 'आधी दोन तास' रकाना फार बोलका असतो. मार्केट यार्डात अडत दुकानाची वही लिहिणाऱ्या एका दिवाणजींचं डोकं फक्त सौद्याच्या दिवशी दुखायचं. एका शिक्षिकेचं मार्चमध्ये, दहावीचे पेपर घरी आले की. विट्याच्या एका यंत्रमाग कामगाराचं रात्रपाळीत, कारण तुटलेला धागा शोधायला तो दिवसापेक्षा जास्त वाकायचा.

ही वही आणखी एका कामाची. अर्धशिशी आणि मानेची डोकेदुखी यांत गल्लत फार होते. अर्धशिशीत डोकं ठणकतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं, उलटी होते, माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. उपचार केला नाही तर ती ४ ते ७२ तास राहते आणि बाजूही बदलू शकते. मानेचं दुखणं सहसा बाजू बदलत नाही. ते ठणकण्यापेक्षा दाबल्यासारखं, ओढल्यासारखं असतं आणि मान अमुक तऱ्हेने वळवली किंवा एका जागी फार वेळ धरली, की जागं होतं. तिसरं म्हणजे ताणाचं डोकं. दोन्ही बाजूंनी फेटा घट्ट बांधल्यासारखं. पण सीमारेषा इतक्या स्वच्छ नसतात. अर्धशिशी असणाऱ्या पुष्कळ जणांची मानही दुखते, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून निदान तुम्ही करायचं नाही. तुम्ही फक्त वही आणायची.

गोळ्यांचा हिशेब प्रामाणिकपणे लिहा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. मेडिकलच्या दुकानातून 'ती लाल पट्टीची दोन द्या' म्हणून घेतलेल्या गोळ्याही यात मोजायच्या. आकडा या घरात जात असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्या कमी करायच्या. नाहीतर मी मानेवर कितीही मेहनत घेतली तरी ती गाळात जाते.

पायरी तिसरी : कुणाकडे जायचं, काय घेऊन जायचं

फिजिओथेरपीची पदवी आणि राज्याच्या परिषदेकडची नोंदणी, एवढं विचारायला लाजू नका. दवाखान्याच्या भिंतीवर ते बहुधा लावलेलं असतंच. फोनवरच विचारा, की पहिल्या भेटीत तपासायला किती वेळ देता. 'या, मशीन लावून घेऊ' असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. सिव्हिलला केसपेपर काढून दाखवता येतं. कराडला कृष्णा विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. अशा शिकवण्याच्या ठिकाणी गर्दीत थांबायची तयारी ठेवावी लागते, पण विद्यार्थी वेळ घेऊन तपासतात हा त्यातला फायदा.

कपडे असे घाला की मान आणि खांदे मोकळे दिसतील. बंद गळ्याच्या ब्लाउजवर किंवा कॉलरवरून मान तपासणं म्हणजे पाकिटावरून पत्र वाचणं. रोजचा चष्मा आणा. तुम्ही चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करत असाल तर ते मला बघायचं असतं. आधीचे कागद असतील तर आणा.

पण नवीन एक्स-रे, एमआरआय स्वतःहून काढून आणू नका. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य आमच्या भागात इतकं पसरलंय, की माणूस त्या गॅपलाच घाबरून मान हलवायचं सोडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्याफार बाहेर आलेल्या दिसल्या. त्यांना दुखत काहीच नव्हतं. फोटोत दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं नाही.

तीन गोष्टी मात्र न विचारता सांगायच्या : आमवात आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. आमवातात मानेच्या अगदी वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. तिथे जोर लावणं घातक ठरतं.

पायरी चौथी : पहिली भेट

निम्मा वेळ प्रश्नांत जातो. तो वाया गेला असं समजू नका.

मग तपासणी. बसल्या-बसल्या मान सगळीकडे वळवून बघतात. त्यानंतर या दुखण्याची खास चाचणी होते. तुम्ही उताणे झोपायचं, थेरपिस्ट तुमची हनुवटी पूर्ण छातीकडे वाकवून तसंच धरून डोकं उजवीकडे आणि डावीकडे फिरवते. मान अशी वाकवली की खालचे सांधे बंद पडल्यासारखे होतात आणि फिरणं उरतं ते मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यातलं. मान एरवी जेवढी वळते त्यातलं जवळपास अर्धं वळणं या एका सांध्यात असतं. चाचणीत निरोगी माणसाचं डोकं दोन्हीकडे साधारण ४४ अंश फिरतं. एका बाजूला ते ३२ अंशांच्या खाली अडकलं, की संशय पक्का होऊ लागतो. त्या विरळणीवाल्या बाईंचं उजवीकडे कुलूप लावल्यासारखं थांबलं होतं.

मग बोटांनी कवटीच्या कडेखाली एकेक सांधा, एकेक स्नायू दाबून बघतात. इथे रुग्ण एकदम म्हणतो, "हां, हेच! हेच ते डोकं." ओळखीची कळ उठली की आम्हाला पत्ता सापडतो. दाबून डोकं थोडं दुखलं तर रागावू नका.

शेवटी मानेच्या पुढच्या आतल्या स्नायूंची परीक्षा होते. हे स्नायू मणक्यांना अगदी चिकटून असतात आणि डोकं तोलून धरतात. मानदुखीत ते आळसावतात, मग बाहेरचे दोरखंडासारखे स्नायू त्यांचं काम अंगावर घेतात आणि कायम ताठलेले राहतात. मानेखाली ब्लड प्रेशरच्या पट्ट्यासारखी छोटी पिशवी ठेवून २० पर्यंत हवा भरतात आणि हलकेच होकार देत काटा दोन-दोनने ३० पर्यंत न्यायला सांगतात, प्रत्येक टप्प्यावर दहा सेकंद थांबून. ऐकायला सोपं आहे. पोती उचलणारा हमालही २४ वर थरथरतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पायरी पाचवी : उपचारात काय काय करतील

हाताचे उपचार म्हणजे मालीश नव्हे. अडकलेल्या सांध्यावर अंगठ्यांनी सावकाश, तालात दाब देऊन तो सोडवतात. कवटीखालच्या आखडलेल्या छोट्या स्नायूंना बोटांच्या टोकांवर डोकं टेकवून काही मिनिटं नुसतं थांबू देतात. कधी सांध्याला आधार देऊन तुम्हालाच मान वळवायला लावतात. यातल्या कशातच कळवळायला होता कामा नये. 'दुखेल तेवढं बरं' हा आखाड्यातला नियम, इथला नव्हे.

मान झटक्याने फिरवून 'कट्' आवाज काढणं हाही एक प्रकार आहे. शिकलेल्या हातांनी, नीट तपासणी करून तो वापरतातही. पण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा, क्वचित का होईना, धोका त्यात असतो. करण्याआधी तुम्हाला समजावून तुमची परवानगी घेतली पाहिजे, आणि तुम्ही नाही म्हणू शकता. मी स्वतः मानेच्या वरच्या भागात तो करत नाही. सावकाश हातांनी काम होतं तर घाई कशाला?

दाढी-कटिंगनंतर खुर्चीतच मान इकडून तिकडे कडाकडा मोडून देणं मात्र बंद करा. त्या दोन मिनिटांच्या हलकेपणासाठी बरेच जण आठवड्याला मान पुढे करतात. त्या हातांना ना तुमचे सांधे माहीत असतात ना रक्तवाहिन्या. कात्रीपुरतं डोकं द्या, मान देऊ नका.

शेक आणि करंटचं मशीन यांनी स्नायू थोडा वेळ सैलावतात, तेवढ्यात हाताचं काम सोपं होतं. शेक घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही होतो. तेवढ्यासाठी रिक्षा करून येऊ नका. वजन लावणं हातात कळ, मुंग्या येणाऱ्यांसाठी कधी उपयोगी पडतं. नुसत्या डोकेदुखीसाठी मी ते लावत नाही. गळ्याचा पट्टा महिनोन्महिने वापरणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं, कारण आधीच आळसावलेल्या स्नायूंना आपण रजा मंजूर करत असतो.

किती वेळा यायचं? ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांत ८ ते १२ भेटी. काहींना हाताचे उपचार, काहींना आतल्या स्नायूंचे व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. उपचार घेतलेल्या तिन्ही गटांत डोकेदुखी कमी झाली आणि हा फरक वर्षानंतरही टिकला होता. म्हणून मीही सहा आठवड्यांचाच हिशेब मांडते. रोज या, महिनाभर या, असं कुणी सांगत असेल तर का ते विचारा.

पायरी सहावी : घरचा अभ्यास

पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे निजून दिलेला होकार. उताणे झोपा, गुडघे वाकवा, डोक्याखाली उशीऐवजी घडी केलेला पातळ टॉवेल घ्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. आता घरातलं मूल झोपलंय आणि कुणी काही विचारलं तर आवाज न करता 'हं' म्हणाल, तेवढीच हनुवटी खाली न्या. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही, फक्त सरकल्यासारखं फिरवायचं. दोन बोटं गळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवा. बोटांखाली दोरी ताठ झाली की जोर जास्त झाला. तिथून मागे या. पाच सेकंद धरा, सोडा, श्वास चालू ठेवा. आठवड्याभरात दहा सेकंदांवर या. दहा वेळा सकाळी, दहा वेळा रात्री.

लोक या व्यायामात दोन चुका हमखास करतात. एक, हनुवटी मागे ढोसून दुहेरी हनुवटी काढतात. दुसरी, पोटाचा व्यायाम असल्यासारखं डोकं उचलतात. घाम आला तर चुकलात. हा व्यायाम इतका हलका आहे, की 'यानं काय होणार' असं वाटून बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडतात. विरळणीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, "ह्यो येयाम हाय व्हय? म्या तर दिसभर मान हालवतीया."

दुसरा, खांद्यांच्या पात्यांचा. भिंतीला पाठ लावून किंवा पालथे झोपून दोन्ही पाती हलकेच मागे आणि खाली, मागच्या खिशात घातल्यासारखी न्या. दहा सेकंद, दहा वेळा. खांदे कानाकडे चढता कामा नयेत. पुढे रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ओढायला शिकवतील. मानेचे मोठे स्नायू या पात्यांवरच बांधलेले असतात. खाली पाया हलत असेल तर वर मांडव सरळ कसा राहील?

तिसरा ताण देण्याचा. खुर्चीत बसा, उजवा हात खुर्चीच्या कडेला धरा आणि डोकं डावीकडे कलंडू द्या. हाताने ओढायचं नाही. ३० सेकंद, तीनदा, मग दुसरी बाजू.

अडकलेलं वळण सोडवायला पंच्याची किंवा ओढणीची कड कवटीखाली धरून करायचा एक फार उपयोगी व्यायाम आहे. पण तो मी इथे लिहून शिकवणार नाही. कड बोटभर खाली सरकली, की दुसराच सांधा ढकलला जातो. तुमच्या थेरपिस्टकडून समोर करून घ्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा, स्वतःचाच.

याखेरीज रोज वीस-तीस मिनिटं चाला. कृष्णेचा घाट, आमराई, गावातला बांध, कुठेही. हात मोकळे हलू द्या, फोन खिशात.

व्यायामानंतर मान थोडी जड वाटली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली तर ठीक. त्याहून जास्त टिकली तर वेळा निम्म्या करा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर बधिरपणा आला तर थांबा आणि पायरी पहिली पुन्हा वाचा.

पायरी सातवी : कामाची जागा

मान दिवसभर जिथे असते तिथे काही बदललं नाही, तर सकाळ-रात्रीची ती दहा-बारा मिनिटं पुरी पडत नाहीत. इथे मी तासगाववाल्यांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण खुर्ची-संगणकावर सल्ले देणारे पुष्कळ आहेत, मांडवाखालच्या मानेबद्दल कुणी बोलत नाही.

मान मागे टाकून वर बघताना वरच्या मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. घड बरोबर टाळूवर घेऊन काम केलं तर हा दाब सगळ्यांत जास्त. म्हणून अर्धं पाऊल मागे राहा. घड कपाळाच्या तिरकस समोर येऊ द्या, म्हणजे डोळे वर जातील, मान कमी जाईल. उंची कमी असलेल्या बायांनी टाचा उंचावून काम करण्यापेक्षा पालथ्या क्रेटवर किंवा बुटक्या तिवईवर उभं राहावं, अर्थात जमीन सपाट असेल तिथेच. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून पाच वेळा हनुवटी छातीकडे न्यायची. एकीने गाणं म्हटल्यासारखं 'माना खाली' म्हणायचं आणि सगळ्या ओळीने करायचं, अशी टोळी मी पाहिली आहे. मुकादम आधी हसला, नंतर तोही करू लागला. शक्य असेल तिथे निम्मा दिवस विरळणी आणि निम्मा दिवस खाली बघून करायचं काम अशी पाळी लावा. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर वेली चढवलेल्या बागेत घड छातीशी येतात, तिथे हा त्रास बराच कमी. पण मानेसाठी मांडव बदला असं कुठल्या बागायतदाराला सांगणार? दुखणं जोरात असताना डोक्यावर वैरणीचा भारा, पाटी नको.

खाली बघणाऱ्यांचं उलट. डोक्याचं वजन साधारण पाच किलो, आणि ते जितकं पुढे झुकेल तितके मागचे स्नायू जास्त ओढ धरतात. वहीखाली, पेपरांखाली उतरती फळी किंवा जाड फाइल ठेवा. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर आणि कीबोर्ड वेगळा. मिरजेत तंबोरे-सतार करणारे कारागीर भोपळा मांडीवर घेऊन तासन्‌तास नक्षीवर वाकलेले असतात. त्यांना मी बसायची जागा उंच करा म्हणत नाही, भोपळ्याखाली उशी घेऊन कामच वर आणा म्हणते.

खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून गाडी चालवणाऱ्यांना काय सांगायचं? त्यांना पोलिसांनीच सांगावं.

उशी एकच. कुशीवर झोपत असाल तर कान आणि खांदा यांमधलं अंतर भरेल एवढी जाड, उताणे झोपत असाल तर तिच्याहून पातळ. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते. ती सवय सुटायला हवी. महागडी औषधी उशी घेतलीच पाहिजे असं काही नाही.

पायरी आठवी : गुण येतोय का, हे मोजणं

'बरं वाटतंय' हे मोजमाप नाही. कॅलेंडरवर आठवड्यात किती खुणा झाल्या, प्रत्येक खूण किती तासांची, गोळ्या किती, एवढं मोजा. सहसा आधी तीव्रता उतरते, मग तास कमी होतात आणि दिवस सगळ्यांत शेवटी. दोन आठवड्यांत मान वळण्यात फरक दिसायला हवा. रिक्षातून उतरताना मागे बघणं सोपं झालं का, असं मी विचारते. तीन-चार आठवडे व्यायाम इमानदारीने करूनही कॅलेंडर तसंच असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं, आणि ते थेरपिस्टने स्वतःहून बोललं पाहिजे. कदाचित मुळात अर्धशिशी असेल. तिला औषधं आहेत, चांगली आहेत.

मधेच एखादा दिवस सगळं पहिल्यासारखं दुखेल. लग्नाचा प्रवास, जागरण, पेपरांचा गठ्ठा, काहीही निमित्त पुरतं. त्या दिवशी ताणाचा व्यायाम बंद, होकाराचा निम्मा, मानेला पंधरा मिनिटं शेक, थोडं चालणं, आणि दोन दिवसांनी पूर्ववत. लगेच फोन करून 'वाया गेलं सगळं' म्हणू नका.

सहाव्या आठवड्यानंतर मी बहुतेकांना दवाखान्यातून मोकळं करते. होकाराचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवायचा. मांडवाखाली जाणाऱ्यांनी मात्र छाटणीची तारीख ठरली, की त्याच आठवड्यापासून तो पुन्हा रोज सुरू करायचा, विरळणीला हात लावण्याच्या महिनाभर आधी. त्या बाईंनी हे छाटणीच्या मजुरीच्या वहीतच लिहून ठेवलंय, मुकादमाच्या उचलीखाली : 'मान, दोन येळा.'